एव्हरग्लेड्सचे ९९ मैल ‘चार दिवसांत आरामात’? हिशोब मांडून बघा

डिसेंबरची सुट्टी जवळ आली की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स नॅशनल पार्कमध्ये एव्हरग्लेड्स सिटी ते फ्लमिंगो असा ९९ मैलांचा जलमार्ग आहे, ‘वाइल्डरनेस वॉटरवे’. फॉरवर्डचं म्हणणं असं : पाणी संथ आहे, रोज २५ मैल वल्हवा, दमाल तिथे तंबू टाका, प्यायला फिल्टर न्या, गर्दी नको असेल तर उन्हाळ्यात जा, सांभाळून राहायचं ते फक्त मगरींपासून.

आधी ते २५ मैल. सामानाने भरलेली कायाक (वल्ह्याची अरुंद होडी) ताशी अडीच-तीन मैल जाते. म्हणजे आठ ते दहा तास नुसतं वल्हवणं, आणि डिसेंबरात तिथे उजेडच साडेदहा तासांच्या आसपास असतो. जेवण, विश्रांती, चुकलेलं वळण यांना जागा कुठे? सरावलेले लोकही या मार्गाला आठेक दिवस धरतात.

‘संथ पाणी’ हे तर फोटो बघून केलेलं विधान आहे. हा गल्फचा, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताचा, किनारा आहे, इथे भरती-ओहोटी चालते. ओहोटीला चोकोलोस्की बेचा बराच भाग उथळ होतो. कालवांचे (ऑयस्टर शिंपल्यांचे) धारदार थर वर येतात आणि उतरून ढकलायला जावं तर पाय चिखलात रुततो. किनाऱ्याचं भरतीचं कोष्टक पाहून आतल्या खाड्यांचा अंदाज बांधणं वेगळंच फसवं, कारण तीच भरती आत पोचायला काही तास जास्त लागतात. ब्रॉड रिव्हर आणि हार्नी रिव्हर यांच्यामधल्या अरुंद, खारफुटीने गच्च भरलेल्या वाटेचं नावच ‘नाइटमेअर’. ती भरतीलाच पार करता येते. वेळ चुकली तर भरतीची वाट पाहत बसा, नाहीतर बाहेर गल्फवरून वळसा घाला. आणि वारा? हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट आली की व्हाइटवॉटर बेसारख्या उघड्या पाण्यावर अशा लाटा उठतात की मैलभरही मोठा वाटतो. दिवसाचा आराखडा मैलांवर आखायचा नसतो. भरती कधी आणि वारा कुठून, हे आधी बघायचं.

‘दमाल तिथे तंबू’ म्हणणाऱ्याने खारफुटी बहुधा लांबूनच पाहिली असावी. मैलोन्‌मैल मुळंच मुळं, पाऊल टेकायला जमीन नाही. म्हणून पाण्यात खांबांवर लाकडी माच उभारलेत. त्यांना ‘चिकी’ म्हणतात : साधारण १० बाय १२ फूट, वर छप्पर, बाजूला पोर्टेबल संडास. इथे खुंट्या ठोकता येत नाहीत, त्यामुळे स्वतःच्या आधाराने उभा राहणारा तंबूच लागतो. चिकीवर शेकोटीला बंदी, म्हणून स्टोव्ह हवा. मुक्कामाला परवाना लागतो आणि कोणत्या रात्री कुठे राहणार हे त्यात ठरलेलं असतं. एक दिवस वाऱ्याने अडकलात तर पुढची सगळी साखळी कोलमडते. आपल्याकडच्या ट्रेकसारखं ‘बघू, पुढच्या वाडीत सोय होईल’ इथे चालत नाही.

फिल्टरच्या सल्ल्याचा मात्र मला रागच येतो. ट्रेकिंगचा फिल्टर गाळ आणि जंतू अडवतो, मीठ नाही. या मार्गावरचं पाणी खारं किंवा मचूळ, आणि वाटेत गोड्या पाण्याचा नळ कुठेच नाही. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळपास चार लिटर, हा तिथला रूढ हिशोब. आठ दिवसांचे ३२ लिटर म्हणजे ३२ किलो, वर एखाद्या दिवसाचं जादा. हे वजन कायाकच्या तळाशी, मध्यावर बसवावं लागतं. शिवाय ते कडक प्लास्टिकच्या कॅनमध्येच हवं. किनाऱ्यालगतच्या बेटांवरच्या रकून नावाच्या रानटी प्राण्यांनाही गोडं पाणी दुर्मिळच. रात्री ते मऊ पिशव्या दातांनी फोडतात, आणि सकाळी तुमच्या हातात चोथा झालेली रिकामी पिशवी उरते. अन्नही तसंच कडक, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं.

उन्हाळ्याबद्दल फार लिहायची गरज नाही. डास, चिलटं, रोजच्या विजा आणि जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. तेव्हा गर्दी नसते ती याचमुळे.

आणि मगरी. अमेरिकन मगर (क्रोकोडाइल) आणि तिचा भाऊबंद अ‍ॅलिगेटर एकत्र नांदतात असा जगातला हा एकमेव प्रदेश, त्यामुळे दिसतील हे खरं. अंतर राखा, खायला घालू नका, मासे साफ करून घाण मुक्कामाशेजारी टाकू नका. तहान, वारा आणि चिखल यांच्यापुढे त्यांचा नंबर बराच खाली लागतो.

पहिल्यांदाच जात असाल तर ९९ मैलांचं नाव सोडा. एव्हरग्लेड्स सिटीहून टेन थाउजंड आयलंड्समध्ये दोन-तीन रात्री काढा : ‘पिकनिक की’, ‘रॅबिट की’, ‘पॅव्हिलियन की’ (इथे ‘की’ म्हणजे छोटं बेट). ओहोटीबरोबर बाहेर पडायचं, भरतीबरोबर परतायचं. झोपायला वाळू मिळते, अशा किनाऱ्यांवर भरतीच्या रेषेखाली शेकोटीही चालते आणि वारा बिघडलाच तर गाव फार लांब राहत नाही.