चालकाच्या घाईमागचा हिशेब

शहरातली बससेवा सुधारण्याबद्दल तुम्ही छापलेल्या लेखात नव्या बस, कॅमेरे आणि बेशिस्त चालकांना जबर दंड, असे तीन उपाय सुचवले आहेत. तिन्ही गरजेचे आहेत. पण चालकाला घाई का असते, हा प्रश्न लेखकाने विचारायला हवा होता. बसवाल्याची कमाई तिकिटांच्या संख्येवर ठरत असेल, तर तो पुढच्या बसशी शर्यत लावणारच. पायरीवर एखादी आजी असतानाही गाडी हलवणार. अशा वेळी एकट्या चालकाला दंड करून काय साधणार?

दक्षिण कोरियातल्या सेऊलने २००४ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवलं. खासगी बस कंपन्यांना प्रवासी किती मिळाले यापेक्षा बस किती किलोमीटर धावल्या, यावर पैसे द्यायला सुरुवात केली. मार्ग नव्याने आखले, रस्त्याच्या मधोमध बससाठी मार्गिका राखून ठेवल्या, बस आणि मेट्रोचं भाडं एकत्र केलं. प्रवासी पळवण्याची गरजच कमी झाली. यासाठी सरकारी तिजोरीतून मोठं अनुदान लागतं, हे खरं. पण उड्डाणपूल तरी कुठे फुकट होतात?

रात्रीच्या प्रवासाबद्दल लेखात एक ओळही नाही, याचं वाईट वाटलं. कॅनडातल्या टोरंटोत १९९१ पासून रात्री एकट्या महिलेला दोन थांब्यांच्या मध्ये, घराजवळ उतरता येतं. त्यासाठी नवी बस लागत नाही, चालकाला तशी परवानगी असली की पुरे. आपल्या परिवहन अधिकाऱ्यांना हे आजपासून करता येईल, कृपया पाठपुरावा करा.