‘ऊन फुकट आहे’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

सोरायसिस या कातडीच्या रोगासाठी मी दवाखान्यात अतिनील दिव्याखाली चौतीस वेळा उभी राहिले, त्याबद्दलच्या ‘चौतीस सिटिंग’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. झोप लागली नाही, म्हणून पहाटे उठून पुन्हा वाचली. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तिचा सारांश आधी देते. तुमच्या मते मी एका यंत्राची जाहिरात केली. कॅन्सरचा धोका एका वाक्यात गुंडाळला. आठवड्यातून तीनदा शहरातल्या दवाखान्यात येणं खेड्यातल्या माणसाला शक्य नाही, याचा मी विचारही केला नाही. तुमच्या मेहुण्यांचा सोरायसिस गच्चीवर बसून गेला. आणि शेवटचं वाक्य तुमच्याच शब्दांत: ‘आपल्या देशात ऊन फुकट आहे ताई. दिव्याखाली पैसे जाळायची हौस असेल त्यांनी जाळावेत, पण आपल्या अनुभवाला विज्ञान म्हणू नये. पूर्वजांकडे कुठे होते दिवे?’

आधी माझी चूक मान्य करते. लेखात पहिल्या डोसचा, म्हणजे पहिल्या वेळी अंगावर टाकलेल्या प्रकाशाचा, आकडा ‘२८० ज्यूल’ असा पडला होता. तो २८० मिलीज्यूल हवा, दर चौरस सेंटिमीटरला. ज्यूल आणि मिलीज्यूल यांत हजारपटींचा फरक आहे, आणि अशी चूक या विषयात व्हायला नको होती. तुम्ही ती दाखवलीत, मी आज सकाळी दुरुस्त केली. त्याबद्दल मनापासून आभार.

पण ‘हौस’ हा शब्द मला लागला, आणि तो का लागला हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मी १९ वर्षांची असताना घसा सुजून ताप आला. दोन-तीन आठवड्यांनी पोटापाठीवर पावसाच्या थेंबांएवढे लाल ठिपके उठले. घशाच्या संसर्गानंतर सोरायसिस असा उठू शकतो, हे तेव्हा घरात कुणाला माहीत नव्हतं. पुढे ठिपके जोडले गेले, त्यांचे चट्टे झाले, चट्ट्यांवर अभ्रकासारखे पापुद्रे धरू लागले. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे गादीवरचा भुसा झटकणं. काळा ब्लाउज मी किती वर्षं घातला नाही ते मोजलेलं नाही. बसमध्ये शेजारची बाई पदर आवरून उठून गेली आहे. लग्नाच्या बोलण्यांत आईला ‘संसर्गजन्य नाही ना?’ असं, उत्तर माहीत असलेल्या माणसांनीही विचारलं आहे. हे सगळं सोसून जो माणूस पैसे साठवून दिव्याखाली उभा राहतो, त्याला हौस म्हणायचं? हळदीला, डोहाळजेवणाला हौस असते. आजारपणाला नसते. तुम्ही तावातावात लिहिलं असेल, पण असे शब्द लिहिण्याआधी समोरच्यानं काय भोगलं असेल याचा क्षणभर विचार करायला हवा होता. एवढी अपेक्षा मी ठेवू शकते ना?

आता ‘ऊन फुकट आहे’ या वाक्याकडे येते. हे वाक्य मी तीस वर्षं ऐकते आहे. शेजारच्या काकूंपासून लग्नात भेटणाऱ्या लांबच्या नातेवाइकांपर्यंत प्रत्येकानं मला ऊन घ्यायला सांगितलं. आणि मी ते घेतलंही. विसाव्या वर्षी, मे महिन्यात, सोलापूरला मावशीच्या गच्चीवर, अकरा ते बारा, पाठ उघडी करून. तिसऱ्या दिवशी पाठ भाजून निघाली, फोड आले. फोड सुकले आणि दोन आठवड्यांत नेमक्या त्याच जागी नवे चट्टे उगवले, आधी जिथे कातडी स्वच्छ होती तिथेही. भाजल्या-खरचटल्या जागी सोरायसिस उठतो, त्याला कोब्नर परिणाम म्हणतात. १९व्या शतकातल्या हाइनरिश कोब्नर या जर्मन डॉक्टरांनी तो नोंदवला. मला त्यांचं नाव कळायला पुढची कित्येक वर्षं जावी लागली. तोवर मावशी स्वतःला दोष देत राहिली, कारण गच्ची तिची होती.

म्हणून फुकट या शब्दावर माझा आक्षेप आहे. मला ते ऊन फुकट पडलं नाही.

तुमचे मेहुणे बरे झाले, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. सूर्यप्रकाशानं सोरायसिस कमी होतो हे खोटं नाहीच. मृत समुद्राच्या काठी, समुद्रसपाटीपासून चारशेहून अधिक मीटर खाली, लोक याच रोगासाठी उन्हात झोपायला जातात आणि बरे होऊन परततात. पण तिथेही डॉक्टर वेळ ठरवून देतात. कारण उन्हात काय असतं ते पाहा. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी साधारण ९५ टक्के यूव्हीए, म्हणजे लांब लहरींचे, असतात. सोरायसिसवर मुख्यतः काम करणारे यूव्हीबी, म्हणजे आखूड लहरींचे, अगदी थोडे. तेही दुपारच्या आसपास जास्त, आणि सकाळी सूर्य खाली असताना नगण्य. आपल्याकडे सगळे ‘कोवळं ऊन घे’ म्हणतात. त्यात चट्ट्यांसाठी लागणारा भाग जवळजवळ नसतोच. खिडकीच्या काचेआड बसलात तर काच यूव्हीबी जवळपास सगळे अडवते. मग उरते दुपार, आणि दुपारी भाजण्याचा धोका सगळ्यात जास्त. ढग आले, महिना बदलला, धूळ वाढली, की कालची दहा मिनिटं आज वेगळी होतात. उद्या किती वाढवायचं ते मेहुण्यांना कोण सांगतं?

दिव्यात नेमकं हेच सुटतं. पॅरिश आणि येनिके या दोन संशोधकांनी १९८१ साली वेगवेगळ्या लहरी सोरायसिसच्या चट्ट्यांवर टाकून पाहिल्या. २९० नॅनोमीटर (लहरीची लांबी मोजायचं एकक) आणि त्याखालच्या लहरींनी कातडी लाल झाली, चट्टे हलले नाहीत. ३०० ते ३१३च्या पट्ट्यात मात्र चट्टे जाऊ लागले. म्हणजे भाजणारा भाग आणि बरं करणारा भाग पूर्णपणे एक नाहीत. त्यावरून पुढे ३११ नॅनोमीटरच्या आसपासच प्रकाश टाकणाऱ्या नळ्या आल्या, फिलिप्सच्या टीएल-०१. डॉक्टर ‘नॅरोबँड’ म्हणतात ते हेच. (कंपनीचं नाव घेतलं म्हणून पुन्हा जाहिरात म्हणू नका. त्या नळीचं नावच ते आहे.) निरोगी कातडीची पेशी खालून वर यायला जवळजवळ महिना घेते, सोरायसिसमध्ये ती काही दिवसांतच वर येते, आणि या घाईच्या मागे असतात कातडीत येऊन बसलेल्या, चिथावल्या गेलेल्या टी-पेशी, म्हणजे एरवी रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. यूव्हीबी त्या टी-पेशींना मारतो आणि पेशींची घाई थांबवतो. हे उष्णतेनं होत नाही. कॅबिनमध्ये पंखा चालू असतो आणि अंगाला ऊब सुद्धा फारशी लागत नाही.

माझं पहिलं सिटिंग पस्तीस सेकंदांचं होतं. डोळ्यांवर गॉगल, चेहरा झाकलेला, चहूबाजूंनी निळसर नळ्या, आणि उघड्या अंगानं उभं राहायची लाज. सिस्टरनं दाराबाहेरून ‘झालं हं’ म्हटलं तेव्हा मला वाटलं यंत्र बिघडलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. प्रत्येक वेळी कार्डावर आकडा. मागच्या वेळी कातडी लाल झाली का, असेल तर डोस तेवढाच ठेवायचा. नसेल तर थोडा वाढवायचा. दोन आठवडे खाडा झाला तर पुन्हा खाली आणायचा. बाराव्या सिटिंगला पापुद्रे पातळ झाले. वीस-बावीस झाल्यावर मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा बिनबाह्यांचा गाऊन घालून स्वयंपाक केला. चौतिसाव्याला कोपर आणि नडगी सोडून पाठपोट साफ होतं. डोक्यातला कोंडा गेला नाही, कारण केसांखाली प्रकाश पोचत नाही. आणि आठ महिन्यांनी कंबरेवर पुन्हा चट्टे आले. हे सगळं मी मूळ लेखात लिहिलं आहे. ज्याला जाहिरात करायची असते तो ‘आठ महिन्यांनी परत आलं’ असं लिहितो का, तुम्हीच सांगा.

पूर्वजांकडे दिवे नव्हते, हे खरं. पण त्यांनी नुसतं ऊनही सांगितलं नव्हतं. आयुर्वेदात कोडासाठी बावची लावून किंवा पोटात देऊन मग उन्हात बसवत. बावचीच्या बियांत सोरालेन असतं, ते कातडीला प्रकाशाच्या बाबतीत हळवं करतं. तेच तत्त्व घेऊन पॅरिश आणि फिट्झपॅट्रिक यांनी १९७४ साली सोरालेनच्या गोळ्या आणि यूव्हीए दिवे यांची ‘पुवा’ पद्धत सोरायसिससाठी मांडली. आपल्याकडचे डॉक्टर आजही दिव्याऐवजी ऊन वापरून ‘पुवासोल’ देतात: गोळी घेतल्यावर साधारण दोन तासांनी, अगदी थोड्या मिनिटांपासून सुरुवात, आणि दिवसभर गडद चष्मा. म्हणजे ऊन वापरायचं म्हटलं तरी ते घड्याळ लावून, चिठ्ठीवर. पूर्वजांचा आधार घ्यायचा असेल तर त्यांच्या पद्धतीतली शिस्तही घ्या.

कॅन्सरचा मुद्दा. तुम्ही ‘दिवा म्हणजे कॅन्सर’ असं लिहिलंत, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यात. धोका सिद्ध झाला आहे तो मुख्यतः पुवाबाबत. अमेरिकेत १९७५ पासून १६ केंद्रांतल्या १,३८० पुवा-रुग्णांचा रॉबर्ट स्टर्न यांच्या गटानं अनेक वर्षं पाठपुरावा केला. ज्यांनी शेकडो सिटिंग घेतली त्यांच्यात कातडीचा स्क्वेमस सेल कॅन्सर स्पष्टपणे वाढलेला दिसला. नॅरोबँडबाबत स्कॉटलंडमध्ये ३,८६७ रुग्ण तपासून २००८ साली निष्कर्ष आला. तिथे असा ठळक संबंध आढळला नाही. म्हणून मी एका वाक्यात लिहिलं, ‘माझ्या डॉक्टरांनी एकूण सिटिंग मोजून ठेवली आहेत.’ त्या वाक्यात सगळं होतं. ते सविस्तर लिहायला हवं होतं असं तुम्हाला वाटत असेल तर ठीक आहे, पण ‘गुंडाळलं’ हा आरोप मला मान्य नाही.

खेड्यातल्या माणसाचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारलात. तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्र असणं-नसणं यावर कधीतरी वेगळं लिहीन.

राहिलं ‘अनुभवाला विज्ञान म्हणू नये’. मी म्हटलं नव्हतं. पण मग तुमच्या मेहुण्यांचा अनुभव कशात मोडतो? मी निदान कार्ड ठेवलं आहे, तारखा आणि डोस लिहिलेलं. माझ्या ३० वर्षांत मी करंजाचं तेल लावलं, डांबरी मलम लावलं, दूध-भात सोडून पाहिला, आणि एका गावातल्या औषधवाल्यानं दिलेल्या पुड्याही घेतल्या, ज्यांनी पंधरा दिवसांत कातडी लोण्यासारखी केली. पुड्या बंद केल्या तेव्हा सगळ्या अंगावर पू भरलेल्या पुटकुळ्या उठल्या आणि मला दवाखान्यात भरती व्हावं लागलं. त्या पुड्यांत स्टेरॉइड होतं हे तिथे कळलं. त्या औषधवाल्याकडेही बरे झालेले मेहुणे पुष्कळ होते. ‘आमच्या अमक्याला गुण आला’ या वाक्याची मला भीती वाटते, आणि ती भीती मी कमावलेली आहे. त्यामुळे माझ्या लेखाखाली कुणी ते वाक्य इतक्या बेफिकिरीनं लिहिलं तर मी गप्प बसणार नाही. तुम्हाला हा सूर कडक वाटला तर वाटू दे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. एकच विचारायचं आहे, आणि ते वादासाठी नाही. तुमचे मेहुणे अजून गच्चीवर बसतात असं तुम्ही लिहिलं आहे. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे का? तिच्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड असेल, किंवा डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल, तर त्यांची कातडी उन्हाला नेहमीपेक्षा जास्त हळवी होते आणि रोजच्या सवयीचं ऊनही भाजू शकतं. गोळ्या स्वतःहून बंद करू नका म्हणावं. गोळ्यांची पाकिटं घेऊन एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि ते काय म्हणाले ते इथेच, याच लेखाखाली लिहा.