मांडव फक्त उत्पन्नासाठी नाही, डावणी टाळायलाही

आल्बारिन्यो या स्पॅनिश पांढऱ्या वाइनवरच्या लेखात रीयास बाइशास भागातला द्राक्षांचा मांडव जास्त उत्पन्नासाठी असल्याचं आणि ही वाइन बर्फगार प्यावी असं म्हटलंय. मांडवाबद्दलचं अर्धंच खरं. स्पेनच्या या वायव्य किनाऱ्यावर वर्षाला दीड हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो, वर समुद्राची दमट हवा. वेल जमिनीलगत ठेवला तर डावणी आणि भुरी हे बुरशीचे रोग आलेच. म्हणून वेल पुरुषभर उंच चढवतात. खालून वारा खेळला की पानं लवकर सुकतात. खांब ग्रॅनाइटचे, कारण लाकूड कुजतं.

खरी गोम छाटणीत आहे. मांडव दाट झाला की सावलीतले घड पिकत नाहीत, आणि मुळातच आंबट असलेली आल्बारिन्यो नुसती हिरव्या सफरचंदासारखी लागते. त्यासाठी घडांभोवतीची पानं काढावी लागतात.

आता पिण्याबद्दल. लेखातलं ‘बर्फगार’ विसरा! ४ अंशांवर पीच आणि लिंबाच्या सालीचा वास मरतो, उरतो तो फक्त आंबटपणा. ८ ते १० अंश ठीक. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा. साधी बाटली दोनेक वर्षांत संपवावी, गाळावर (आंबवल्यावर तळाशी बसलेल्या यीस्टवर) मुरवलेली मात्र पाच वर्षंही सहज टिकते. सोबत कालवं किंवा तिसऱ्या, पण तिखट जपून.