दहावा तास सत्कारणी कसा लावावा

नोकरदार वाचकहो, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 3 सप्टेंबर 2025 रोजी आपल्या कामाच्या दिवसात एका तासाची भर घालण्यास मान्यता दिली, याबद्दल सर्वप्रथम आपले हार्दिक अभिनंदन. दिवस मात्र चोवीस तासांचाच ठेवण्यात आला असल्यामुळे हा तास कोठून तरी काढून द्यावा लागेल. तो झोपेतून काढायचा, मुलांच्या गृहपाठातून काढायचा, की आईला दवाखान्यात नेण्याच्या वेळेतून, याचा निर्णय शासनाने मोठ्या मनाने आपल्यावरच सोपवला आहे. इतके स्वातंत्र्य एकदम पदरात पडले की माणूस गोंधळतो, म्हणून हे चार शब्द.

स्वागत करण्यापूर्वी बदल काय आहेत ते नीट समजून घ्यावे, कारण न समजता केलेले स्वागत पुढे अंगाशी येते. दुकाने आणि कार्यालयांना लागू असलेल्या 2017 च्या अधिनियमानुसार प्रौढ कामगाराकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नव्हते. ही मर्यादा दहा तास करण्याचा हा प्रस्ताव. सलग पाच तास काम झाले की अर्धा तास विश्रांती देणे बंधनकारक होते. ती आता सहा तासांनी दिली तरी चालेल. जादा कामाची, म्हणजे आपल्या भाषेत ओव्हरटाइमची, मर्यादा तीन महिन्यांत 125 तास होती, ती 144 होईल. कारखान्यांच्या बाबतीत हात आणखी सैल सोडलेला आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमातील दिवसाची नऊ तासांची मर्यादा बारावर जाईल आणि तिमाहीचा ओव्हरटाइम 115 तासांवरून 144 वर. गुंतवणूक यावी, रोजगार वाढावा, मागणी वाढली की उद्योगांची अडचण होऊ नये, ही कारणे शासनाने दिली आहेत. कर्नाटक, तमिळनाडू, तेलंगणा, उत्तर प्रदेश, त्रिपुरा यांनी असे बदल केलेच आहेत, हेही सांगितले गेले. शेजाऱ्यांच्या पुढे जाता आले नाही तरी मागे राहू नये, या धोरणावर आपल्या सर्वांच्याच घरातले निर्णय होत असल्यामुळे त्यात दोष काढणे बरे नव्हे.

प्रत्यक्ष मसुदा वाचण्याच्या फंदात मात्र पडू नये. दुरुस्ती विधेयकात वाचण्यासारखे फारसे काही नसते. अमुक कलमातील ‘नऊ तास’ या मजकुराऐवजी ‘दहा तास’ हा मजकूर दाखल करण्यात येईल, या धर्तीची पाच-सहा वाक्ये, आणि शेवटी उद्देश व कारणे यांचे निवेदन. मूळ अधिनियम शेजारी उघडून ठेवल्याखेरीज कोणाचे काय गेले हे त्यातून कळत नाही, आणि मूळ अधिनियम घरी बाळगणारा नोकरदार मुंबईत अजून तरी आढळलेला नाही. सभागृहात या वाक्यांना विरोध करणेही अवघड जाते, कारण एक अंक दुसऱ्या अंकाच्या जागी बसला यावर भाषण किती वेळ करणार?

काही मंडळींना हे सारे नवे वाटून धक्का बसलेला दिसतो. इतिहासाकडे दुर्लक्ष केल्याचा हा परिणाम होय. ज्या शहरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, त्या शहराच्या गिरण्यांतून पुढेही दिवस मोठाच होता. विजेचे दिवे आल्यावर तर सूर्य मावळल्याची सबबही उरली नाही. 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. 1922 मध्ये अकरा तास आणि आठवड्याला साठ तास झाले. 1934 मध्ये दहा तास आणि आठवड्याला 54. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना 1946 ची दुरुस्ती आली आणि दिवसाचे नऊ, आठवड्याचे 48 तास ठरले. तेच 1948 च्या अधिनियमात कायम राहिले. एकेक तास कमी व्हायला या क्रमाने अकरा-बारा वर्षे गेली. आता प्रस्ताव पुन्हा एकदा शांतपणे पाहावा. दुकानदारांना दिलेले दहा तास 1934 चे आहेत आणि कारखानदारांना दिलेले बारा तास 1911 चे. वारसा जपण्याच्या गोष्टी आपण एवढ्या करतो, आणि तो साक्षात कलमात उतरवला की कुरकुर करतो.

यावर कोणी शहाणा म्हणेल की आठवड्याचे 48 तास तर जागच्या जागी आहेत. खरे आहे, आणि हा मुद्दा चहाच्या टपरीवर हमखास विजय मिळवून देणारा असल्याने पाठ करून ठेवावा. बारा चोक अठ्ठेचाळीस, म्हणजे चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी, असे चित्र या हिशेबातून तयार होते आणि ते पाहून ऊर भरून येतो. साप्ताहिक मर्यादेत न मावणारे तास कोठे जातात, हा प्रश्न विचारू नये. तरीही विचारलाच, तर तिमाहीचे 144 तास तेरा आठवड्यांवर वाटून पाहावेत. आठवड्याला सुमारे अकरा येतात, 48 मध्ये मिळवले की 59 होतात. 1922 च्या साठाला एक तास कमी पडतो खरा, पण पुढच्या दुरुस्तीत तेवढे पाहून घेता येईल.

जादा तासांचा दाम दुप्पट आहे, हे विसरून चालणार नाही. कायद्यात तो आधीपासूनच दुप्पट आहे, आणि आपल्याला तो मिळत आलेला असल्यास आपण हा लेख येथेच थांबवून मालकांचे आभार मानायला जावे. इतरांसाठी एवढेच सांगणे आहे की कालपर्यंत दहावा तास हा जादा तास होता. दिवसाची मर्यादाच दहावर गेली की त्याला जादा म्हणणे कठीण होते. इतर दिवशी तेवढे लवकर सोडून आठवडा 48 च्या आत बसवला, तर तोच तास साधा होऊन पगारात मुरतो. मालकाला खर्च नाही, शासनाला खर्च नाही, आणि कामगाराला वेळ दवडण्याची सवय सुटते. असा त्रिपक्षीय लाभ सहसा पाहायला मिळत नाही.

कारखान्यात जादा काम करायला कामगाराची लेखी संमती लागेल, अशी तरतूद आहे, आणि तिच्यामुळे अनेकांना हायसे वाटले. संमती देताना घाई करू नये. कागद पूर्ण वाचावा, चष्मा नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा, दोन दिवस विचाराला मागून घ्यावेत, आणि मग तो कागद नेमणुकीच्या पत्राला, भविष्य निर्वाह निधीच्या अर्जाला आणि बँक खात्याच्या तपशिलाला टाचणी लावून एकत्रच आलेला असल्यामुळे खुणा केलेल्या सगळ्या जागी सही करून मोकळे व्हावे.

खरी कलाकुसर मात्र तासांत नाही, माणसे मोजण्यात आहे, आणि वर्तमानपत्रांचे मथळे तासांवरच अडकल्यामुळे तिला मिळायला हवी तेवढी दाद मिळालेली नाही. दुकाने अधिनियम तोवर दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. प्रस्तावानुसार तो वीस किंवा अधिक कामगारांना लागू होईल. त्याहून लहान आस्थापनेने नोंदणी प्रमाणपत्र घेण्याऐवजी केवळ सूचना दिली की पुरे. याचा अर्थ दहा ते एकोणीस माणसांच्या दुकानात नऊ की दहा हा वादच उरत नाही. दिवसाची मर्यादा त्याच अधिनियमात आहे, साप्ताहिक सुट्टी त्याच अधिनियमात आहे, ओव्हरटाइमचा दुप्पट दाम, वर्षाच्या आठ नैमित्तिक रजा, आठ सणांच्या भरपगारी सुट्ट्या आणि दर वीस दिवसांच्या कामामागे मिळणारी एक रजा, हे सगळे एकाच दारातून आत आले होते आणि एकाच दारातून बाहेर जाईल. पाटी तेवढी मराठीत लावावीच लागेल, कारण 2022 च्या दुरुस्तीने ते कलम लहान दुकानांनाही लागू केले आहे. आपल्या भाषेचा मान राखला गेला, हे समाधान काही थोडे नाही.

रानडे रोडवरच्या कोणत्याही साडीच्या दुकानात रात्री पावणेनऊला डोकावून पाहावे. लग्नाचा बस्ता बांधायला डोंबिवलीहून आलेले सात जणांचे कुटुंब गादीसमोर बसलेले असते. सेल्समन सकाळी दहापासून उभा-बसता चाललेला असतो; आता तो तेविसावी पैठणी घडी मोडून उघडतो, पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून आरशाकडे वळतो, आणि नवरीची आत्या ‘रंग छान आहे हो, पण काठ जरा बारीक वाटतात’ असे म्हणाली की तोच पदर उतरवून, जुन्या घडीच्या रेषेवर बोटे फिरवत, साडी होती तशी मिटतो. या माणसाला वाचकांनी माझ्या वतीने एकच विचारावे, की दादा, तुम्ही इथे एकूण किती जण आहात? त्याने शेठच्या भाच्याला धरून एकोणीस असे उत्तर दिले, तर त्याच्या कामाच्या तासांविषयी विधिमंडळाला काहीही म्हणायचे नाही, हे त्याला हळुवारपणे सांगावे. वीस म्हणाला, तर विसावा कोण ते पाहून घ्यावे. बहुधा तो चहा आणणारा पोरगा असतो, आणि तो आपला नाही, कंत्राटदाराचा आहे, असे शेठ सांगतात. त्या पोराने गावी जाऊ नये, आजारी पडू नये, मोठ्या दुकानात पंधराशे रुपये जास्त मिळतात म्हणून नोकरी सोडू नये, यासाठी उरलेल्या एकोणीस जणांनी त्याची जिवापाड काळजी घ्यावी. रजा, सुट्टी, विश्रांती, सगळे त्याच्या हजेरीवर उभे आहे.

वाचक लोअर परळच्या काचेच्या इमारतीत बसत असतील, तर त्यांना वाटेल की हा सारा दुकानांचा विषय आहे. त्यांनी स्वतःचे व्हिजिटिंग कार्ड काढून पाहावे. त्यावर ‘मॅनेजर’ हा शब्द कोठे असल्यास अभिनंदन, कारण व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदावरील माणूस या अधिनियमाच्या बाहेरच ठेवलेला आहे. हाताखाली एकही माणूस नसलेले ‘असिस्टंट मॅनेजर’ या शहरात इतके का आहेत, याचे थोडेफार उत्तर त्यात सापडते. त्यांना नववा तास नव्हता, दहावाही नाही. त्यांच्यासाठी फक्त ‘जाताना तेवढी शीट पाठवून जा’ असते.

प्रवासाबद्दल विधेयक मौन पाळते आणि ते योग्यच आहे. विरारहून चर्चगेटला किंवा बदलापूरहून सीएसएमटीला जाण्यायेण्यात तीन तास जातात, हा कामगाराचा खासगी छंद आहे. मालकाने त्याला तेथे राहायला सांगितलेले नाही. दहा तास काम, मध्ये अर्धा तास विश्रांती, तीन तास लोकल, स्टेशनपासून घरापर्यंतच्या शेअर रिक्षाची रांग, असे करून चौदा तास भरतात. उरलेल्या दहांत स्वयंपाक, जेवण, पाणी येण्याची वेळ आणि झोप बसवायची आहे. ज्यांच्या घरी नवरा-बायको दोघेही नोकरीला आहेत, त्यांनी एकमेकांना पाहण्यासाठी रविवार निश्चित करून ठेवावा, म्हणजे ऐनवेळी चुकामूक होत नाही. एक लाभ मात्र नाकारता येणार नाही: सातच्या बदलापूर फास्टला शिरता येत नव्हते, आठच्या गाडीला शिरता येईल, निदान पहिले काही आठवडे, सगळ्यांचाच दहावा तास सुरू होईपर्यंत.

एवढे सगळे पटल्यावरही कोणाला हे विधेयक नको असेल, तर त्याने तमिळनाडूचा दाखला देऊ नये, कारण त्याने वातावरण बिघडते. तेथील विधानसभेने 21 एप्रिल 2023 रोजी कारखान्यांसाठी बारा तासांची वाट मोकळी करणारे विधेयक मंजूर केले, कामगार संघटना आणि सत्ताधाऱ्यांचे मित्रपक्षही बिथरले, आणि दहा दिवसांत, 1 मे रोजी, ते मागे घेतल्याचे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. आपल्याकडे कारखाने अधिनियमाची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीसाठी जायची होती, कारण कायदा केंद्राचा आणि कामगार हा विषय समवर्ती सूचीतला. त्या प्रवासाला वेळ लागतो आणि वेळ लागला की विषय थंड होतो. शिवाय आपला 1 मे हा आधी महाराष्ट्र दिन आहे. सकाळी शिवाजी पार्कवर संचलन असते, हुतात्मा चौकात पुष्पचक्रे वाहिली जातात, आणि कामगार दिनाची आठवण साधारण दुपारनंतर होते. ज्या दुकानात वीस माणसे आहेत तेथे त्या दिवशी भरपगारी सुट्टी राहील. एकोणीस असतील, तर शेठला आदल्या दिवशी विचारून ठेवावे.