लाल सोल आणि काळी माती

मला शूज आवडतात. आवडतात म्हणजे दिवाळीला सोनं नाही घेतलं तरी चालेल पण एक चांगली जोडी हवी, एवढे आवडतात. आता जळगावात राहून असं बोलणं म्हणजे पापच, कारण आमचं गाव सोन्यासाठी ओळखलं जातं, कुठून कुठून लोक येऊन इथे लग्नाचे दागिने करून नेतात, आणि मी मात्र सराफ बाजारातून चालताना पण नजर खाली ठेवून असते. संस्कार वगैरे काही नाही, बायकांच्या पायात काय आहे ते बघायला. कोणाचं ब्लॉक हील, कोणाची कोल्हापुरी, कोणाच्या सँडलचं बक्कल एकीकडून तुटलंय आणि तिने ते सेफ्टी पिनने कसं सावरलंय, सगळं मला दिसतं. मंगळसूत्र किती तोळ्याचं होतं ते नका विचारू, ते आमच्या नणंदबाई सांगतील.

पण आपल्याकडे शूजची हौस ही जगातली सगळ्यात तोट्यातली हौस आहे भो. साडी हळदीकुंकवाला मिरवता येते, दागिने लग्नात मिरवता येतात, शूज कुठे मिरवणार? जिथे जिथे चार माणसं जमतात तिथे तिथे ते दारात काढूनच आत जावं लागतं. देऊळ, सत्यनारायण, साखरपुडा, शेजारचं बारसं, डॉक्टरचा दवाखाना, आणि आता तर मोबाइल रिपेअरवाल्याने पण काचेवर कागद चिकटवलाय, चपला बाहेर काढाव्यात. मी सकाळी अर्धा तास खर्च करून कुर्ता, नखं आणि शूज असं तिघांचं सूत जुळवते आणि उंबऱ्यावर पोचलं की त्यातला एक मेंबर बाहेर राहतो. आत जातात फक्त नखं. म्हणून तर मी पायाच्या नखांना पण तेवढंच मन लावून पॉलिश लावते, कारण शेवटी सतरंजीवर तीच माझी अब्रू राखतात.

श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या वेळी तर बघायलाच नको. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे कानबाई बसते तिथे सगळी गल्ली लोटते, आणि दारात चपलांचा जो काही ढीग असतो ना, त्यात आपली जोडी शोधणं म्हणजे एमपीएससी. लहान पोरं त्या ढिगावरून पळतात, कोणीतरी काका अंधारात जे पायात बसेल ते घालून निघून जातात. मी आता एक शू जिन्याच्या डाव्या बाजूला आणि दुसरा पार तुळशीपाशी ठेवते, एकटा शू कोणी नेत नाही. सासूबाईंना हे बिलकुल पटत नाही. त्या साक्रीकडच्या, चिडल्या की अहिराणीवर येतात. नवीन म्यूल्स आणले तेव्हा किंमत ऐकून म्हणाल्या होत्या, "इतला पैसासमा बकरी ई जाती वं माय." मी म्हटलं आई, बकरी कुर्त्यावर मॅच होत नाही. दोन दिवस बोलल्या नाहीत.

या सगळ्या वेडाला खरं खतपाणी घातलं ते माझ्या दिराने. तो वकील आहे, केसेस कमी आणि मोबाइल जास्त. त्यानेच एकदा मला ते ख्रिश्चन लुबुटँचं प्रकरण वाचून दाखवलं. हा फ्रेंच माणूस, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक शू डिझाइन करत होता, कागदावर झकास दिसत होता पण तयार होऊन आला तर कायतरी कमी वाटत होतं. शेजारी त्याची असिस्टंट बसून नखांना लाल नेलपॉलिश लावत होती. याने सरळ तिच्या हातातली बाटली घेतली आणि सोल रंगवून टाकला! बस, तिथून पुढे लाल सोल म्हणजे हा माणूस. एका जोडीच्या पैशात आमच्याकडे सेकंड हँड स्कूटी येते, आणि २०१४ साली त्याने परत उलटं करून नेलपॉलिशच विकायला काढलं, पन्नास डॉलरला एक बाटली. म्हणजे त्या असिस्टंटला बाटली परत मिळाली की नाही हे कुठे लिहिलेलं नाही पण धंदा बघा.

ही गोष्ट ऐकल्यावर माझ्यासारखी बाई गप्प बसेल का? माझ्याकडे फुले मार्केटमधून आणलेले काळे हील्स होते, आणि नेलपॉलिशच्या बाटल्यांनी तर फ्रिजचा अख्खा दरवाजा भरलेला, तिथे अंडी ठेवायला जागा नाही असं नवऱ्याचं म्हणणं. मी अंगणात पेपर पसरला आणि बसले सोल रंगवत. सासूबाई बाहेर आल्या, बघितलं, आणि एकच वाक्य बोलल्या, "चप्पलना तळ कोन देखस वं माय?"

हा प्रश्न मी कितीतरी वेळ मनातून झटकायचा प्रयत्न केला पण खरंच, चपलेचा तळ बघतं कोण? पॅरिसात बायका पायावर पाय टाकून कॅफेत बसत असतील, जिने चढत असतील, मागून लोक बघत असतील. जळगावात सोल दिसायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे चप्पल दारात उलटी पडली पाहिजे. आणि चप्पल उलटी पडली की घरात भांडणं होतात हे तर शेंबड्या पोराला पण माहीत आहे. मी मुद्दाम एकदा मावशीकडे एक हील जरा असा कलता, अपघाताने पडल्यासारखा ठेवून आत गेले, चहा यायच्या आत मावशी बाहेर जाऊन तो पायाने सरळ करून आल्या. "कोणाची गं ती उलटी पडली होती, आधीच आमच्याकडे वाटणीचं चाललंय."

दिराला मात्र वेगळीच काळजी. म्हणे वहिनी, हे बेकायदेशीर आहे, दिल्ली हायकोर्टाने २०१७ साली हा लाल सोल ट्रेडमार्क म्हणून मान्य केलाय, साधासुधा नाही, वेल नोन ट्रेडमार्क. मी म्हटलं मी काय दुकान टाकलंय का. तरी त्याने रिसर्च केलाच, अशिलांसाठी एवढा करत असता तर आज बंगला असता. मग संध्याकाळी येऊन म्हणाला मार्ग सापडला, अमेरिकेत २०१२ साली लुबुटँची दुसऱ्या एका मोठ्या फॅशन हाऊसशी केस झाली, त्यात अपील कोर्टाने सांगितलं की वरचा भाग वेगळ्या रंगाचा असेल तरच लाल तळावर त्यांचा हक्क, अख्खा शूच लाल असेल तर दुसऱ्यांनीही खुशाल करावा. "तर तुम्ही काय करा वहिनी, वरून पण लाल करा. मग कोर्टाचा बाप काही करू शकत नाही." नवरा म्हणाला, एवढ्या नेलपॉलिशात घराचं गेट रंगवून होईल.

गेटवरून आठवलं, नेलपॉलिश आणि गाड्यांचा रंग हे तसे भाऊबंदच आहेत. मला लेबल वाचायची सवय आहे, बाटलीच्या खोक्यावर बारीक अक्षरात नायट्रोसेल्युलोज लिहिलेलं असतं, १९२० च्या दशकात गाड्यांना जो चमकदार रंग लावायचे तोही त्याचाच. आणि ते बनतं कशापासून, तर कापसातल्या नाहीतर लाकडातल्या सेल्युलोजपासून. म्हणजे आमच्या खानदेशचा कापूस! आमच्या बाबांनी जन्मभर कपाशी लावली, भाव कधी मिळाला नाही, आणि तोच माल नखावर लावायला मी एमएल च्या हिशोबाने विकत घेते. वर हेच नायट्रोसेल्युलोज बंदुकीच्या दारूत पण असतं. इथून जवळच वरणगावला काडतुसांची सरकारी फॅक्टरी आहे, तेव्हा नवऱ्याने वासावरून काही कटकट केली की मी म्हणते जरा जपून बोला.

पण उन्हाळ्यात जळगावात नेलपॉलिश लावणं हे खरं शौर्य. हे पॉलिश सुकतं म्हणजे काय होतं, तर त्यातलं सॉल्व्हंट उडून जातं आणि मागे पातळ थर राहतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की ते नखावर यायच्या आधी ब्रशवरच उडतं. करंगळीपर्यंत पोचेस्तोवर तार सुटायला लागते. पंख्याखाली बसावं तर बुडबुडे येतात. कूलरसमोर बसावं तर कूलरचं ते नवीन भरलेलं गवत, त्याची बारीक बारीक कुसं उडून नेमकी ओल्या नखावर चिकटतात आणि मग ऑफिसात कोणीतरी विचारतं, मॅडम हे नवीन नेल आर्ट का? मी हो म्हणते. पहाटे पाच वाजता, टाकीचं पाणी गार असतं तोवर लावायचं, हा एकच उपाय. गल्लीतल्या बायका त्यावेळी सडा टाकत असतात आणि मी पायरीवर पंजे फाकवून बसलेली असते.

ऑफिस म्हणजे एमआयडीसीतली डाळमिल, मी तिथे अकाउंट्स बघते. डाळमिलमध्ये फॅशन करायची तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते की चार वाजेपर्यंत तुमचा रंग तुम्ही ठरवत नाही, मिल ठरवते. तूर चालू असली की सगळ्यावर पिवळट पावडर, उडीद असला की करडी. काळा स्वेड घालून गेले होते एकदा तर संध्याकाळी तो बेसन लावल्यासारखा झाला होता. आता मी सकाळीच सुपरवायझर भाऊंना फोन करते, भाऊ आज काय चालू आहे? ते बिचारे समजतात मॅडमला प्रॉडक्शनची किती काळजी. ते म्हणाले तूर, की मी मस्टर्ड कुर्ता, टॅन लोफर्स आणि नखांना ब्राउन. उडीद म्हणाले की ग्रे. हरभऱ्याच्या दिवशी फार काही करावं लागत नाही. मालक एकदा म्हणाले, मॅडम तुमच्यावर कधी धूळ दिसत नाही, आमच्याच शर्टावर कशी बसते? सांगितलं नाही. काही गोष्टी ट्रेडमार्क नसल्या तरी जपायच्या असतात.

आणि हो, एवढे चांगले शूज डाळमिलमध्ये कशाला घालतेस, लग्नाकार्याला ठेव ना, असं मला सगळे सांगतात. त्यांना मी नणंदेची गोष्ट सांगते. तिने भारीतले वेजेस घेतले आणि कपाटात, मूळ खोक्यात, टिश्यू पेपरात गुंडाळून, डांबरगोळी टाकून ठेवले, चुलत भावाच्या लग्नासाठी. लग्न ठरायला वर्षं लागली (मुलगा चांगला होता हो, शेती होती ना). शेवटी वरात निघाली, डीजे लागला, आणि हिच्या सोलचे तुकडे पडायला लागले, अक्षरशः नानकटाईचा चुरा, वरातीच्या मागे मागे काळी रेघ. आदळआपट नाही, काही नाही. ते सोल पॉलीयुरेथेनचे असतात, हवेतला ओलावा त्यांना आतून खात राहतो, आणि न घालता बंद खोक्यात ठेवले की फार वाईट अवस्था होते. म्हणून आपलं उलट आहे, भारीतलं रोज घालायचं आणि लग्नाला साधं, तिथे तसंही सगळे तोळे मोजत असतात.

एक ठिकाण मात्र आहे जिथे माझी हार होते, ते म्हणजे शेतातली भरीत पार्टी. थंडीत यावल-बामणोदकडची ती हिरवी लांबट वांगी आली की नातेवाइकांचे फोन सुरू होतात, आणि कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याला मी पण नाही म्हणू शकत नाही. आता शेत म्हणजे काळी कसदार. कोरडी असली की भेगा पडतात आणि हील त्यात बरोब्बर बसतं, ओली असली की ती पायाला धरते आणि सोडत नाही, चार पावलांत प्रत्येक पायाला किलोभर माती. दादा म्हणाला शूज बांधावर काढ आणि अनवाणी ये. काढले. पण तिथेच सगळ्या वहिन्या वांगी सोलायला बसल्या होत्या, जळकी सालं काढून काढून प्रत्येकीची नखं काळी, मग लिंबू चोळा, राख चोळा. मी मरून रंगाचं नेलपॉलिश लावून गेले होते. काही म्हणजे काही दिसलं नाही! मोठ्या वहिनीने माझा हात धरून उलटसुलट करून बघितला आणि हळूच शेड नंबर विचारला. घरी परतताना कोणीतरी गाडीत केळीचा घड ठेवला, त्याचा चिक माझ्या ऑफ व्हाइट कुर्त्यावर पडला, तो काही या जन्मात जायचा नाही, पण तो विषय आज नको.

तर ते लाल सोल. घरापासून रिक्षा स्टॉपपर्यंत रस्त्याचं जे काही काम चाललंय त्या खडीवरून एका दिवसात टाचेचा आणि चवड्याचा रंग उडाला, उरला तो मधल्या कमानीतला, जिथे पाय टेकत नाही तिथला. दीर म्हणाला ओरिजिनलचं पण असंच होतं, लोक परत रंगवून घेतात, तेव्हा मला जरा बरं वाटलं. मग मी ते हील्स घेऊन नवीपेठेत आमच्या नेहमीच्या काकांकडे गेले, जे टपरीत बसून चपला शिवतात. त्यांनी शू उलटा केला, चष्मा वर केला, बराच वेळ लाल डागाकडे बघितलं.

"ताई, हे काय सांडलं?"

"सांडलं नाही काका, डिझाइन आहे."

"असं." त्यांनी टाचेवर नख मारलं. "टिप गेली आहे दोन्हीकडची. टिप बदला आधी. रंग खाली कशाला, खाली फक्त रबर पाहिजे."

टिप लावून झाल्या, पैसे दिले, निघाले, तर मागून हाक. "ताई, ती लाल बाटली कोणती तेवढं लिहून द्या ना. पलीकडच्या ब्युटी पार्लरच्या मॅडम तुमची उलटी सँडल बघून गेल्या, त्यांना पण करून पाहिजे. मी देईन करून पन्नास रुपयात."

मी म्हटलं वा काका, असं कसं, ते डिझाइन माझं आहे.