‘१० हजाराच्या प्रोसेसरात ३५ हजाराचा स्पीड’ म्हणे! जरा थांबा की

गेल्या पंधरा दिवसात तोच एक मेसेज मला चार जणांनी पाठवलाय. येळ्ळूरचा भाचा, शहापूरचा फोटो स्टुडिओवाला दोस्त, बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात कॅमवर (मशीनचे प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर) काम करणारा एकजण, आणि चौथे आमच्या गल्लीतले काका ज्यांच्या घरात कंप्युटरच नाही. भाच्यानं तर खाली लिहिलंय, "मामा, हे खरं हाय काय? मग मी आय३च घेतो की." म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, परत परत टाइप करायचा कंटाळा आलाय.

मेसेज थोडक्यात असा: १० हजाराचा प्रोसेसर घ्या, बायोसमधी (विंडोजच्या आधी उघडतो तो बोर्डाचा सेटिंगचा पडदा) पाच मिनिटं सेटिंग करून ओव्हरक्लॉक करा, म्हणजे छापील आकड्यापेक्षा जास्त पळवा, ३५ हजाराच्या प्रोसेसरएवढा स्पीड मिळतो. कुठलाही प्रोसेसर चालतो. डब्यात आलेला कूलर पुरतो. अर्धा तास गेम चालला म्हणजे टेस्ट पास. प्रोसेसरला काही होत नाही, वॉरंटीलाही काही होत नाही. दुकानदार हे सांगत नाहीत कारण त्यांचा धंदा बसेल. आणि खाली पुरावा म्हणून एक स्क्रीनशॉट, आय३ १२१००एफ (इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर), ३.३ गिगाहर्ट्झ "वरून" ४.३ गिगाहर्ट्झ.

त्या स्क्रीनशॉटपासूनच सुरू करू, कारण खरी गंमत तिथंच आहे. १२१००एफ चा बेस स्पीड ३.३ आणि टर्बो, म्हणजे गरज पडली की आपोआप गाठायचा स्पीड, ४.३, हे कंपनीनंच छापलेलं आहे. म्हणजे नवीन डबा फोडून, बायोसला हात न लावता, विंडोज चालू करून नुसतं क्रोम उघडलं तरी तो आपला आपण ४.२-४.३ ला जाऊन येतो. टास्क मॅनेजर उघडून बघा, खाली बेस स्पीड ३.३० लिहिलेलं असतं आणि वर चालू आकडा त्याच्यापेक्षा जास्त नाचत असतो. ह्या गड्यानं तो वरचा आकडा बघितला आणि म्हणतोय मी केलं! कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला त्यातला प्रकार.

आणि त्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या मूळ क्लॉकला ज्या आकड्यानं गुणून स्पीड येतो तो) लॉक आहे. इंटेलमधी सहसा नावाच्या मागं के असेल तरच तो मोकळा, आणि तेपण मदरबोर्ड झेड सिरीजचा पायजे. एच६१० बोर्डावर १२१००एफ घालून बायोसमधी तासभर शोधलं तरी मल्टिप्लायर वाढवायची जागा सापडणार नाही. मग पाच मिनिटात ह्यानं काय बदललं काय की, बहुतेक घड्याळ बरोबर केलं असेल.

आता "कुठलाही प्रोसेसर चालतो" हे कुठनं आलं ते मला ठाऊक आहे, कारण एका काळात ते बरंचसं खरं होतं. १९९८ मधी सेलेरॉन ३००ए आला, ६६ मेगाहर्ट्झची बस (बोर्डाचा मूळ क्लॉक) गुणिले साडेचार, झाले ३००. बोर्डावर बस ६६ ची १०० केली की तोच चिप ४५०, आणि लई चिप हे निवांत सोसायचे. दीडपट स्पीड फुकट, आणि वरचा महागडा पेंटियम टू घेणारा माणूस बघत बसायचा. आमच्या पिढीला हे वेड तिथनंच लागलं. पण ते का जमायचं? कंपनी चांगला चिप मुद्दाम कमी क्लॉकवर छापून स्वस्तात विकायची आणि मधली गाळलेली ताकद आपल्याला मिळायची. आता टर्बो, बूस्ट ह्या नावाखाली ती ताकद कंपनीच आधी काढून घेते, चिप गरम आहे का, करंट किती ओढतोय हे सेकंदात कितीतरी वेळा बघून स्वतःच क्लॉक वरखाली करते. ताक घुसळून लोणी काढून झालंय आणि आपण रवी घेऊन बसलोय.

२०११ मधी सँडी ब्रिज पिढीपासून इंटेलनं त्या १०० च्या मूळ क्लॉकला बाकीची मंडळी पण बांधून टाकली, १०० च्या वर चार-पाच टक्के गेलं की हार्डडिस्क आणि यूएसबीची कुरकुर सुरू. २०१५ च्या स्कायलेक पिढीत परत एक फट सापडली होती, लोकांनी के नसलेले प्रोसेसर बायोस बदलून पळवले, तर २०१६ च्या सुरुवातीला मायक्रोकोड (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट देऊन तीपण बुजवली. बाराव्या पिढीत काही मोजक्या बोर्डांवर वेगळा क्लॉक जनरेटर होता, त्याच्यावर हे होतं, पण ते बोर्ड स्वस्त नव्हते आणि ज्याला आय३ घ्यायचाय तो ते घेईल कशाला.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्यात मात्र दम आहे, खोटं का बोलू. तिचे बहुतेक सगळे रायझन प्रोसेसर मोकळे येतात (५८००एक्स३डी सारखे अपवाद सोडले तर), फक्त बोर्ड बी४५०, बी५५० असला पायजे, ए३२० किंवा ए५२० वर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग नाही. आणि इथंच मेसेजचा हिशोब बसतो खाली. स्वस्त बोर्डाऐवजी चांगला बोर्ड घेतला की तीन-चार हजार वर, बरा कूलर घेतला की अजून दीड-दोन हजार, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लोकल स्टिकरवाला असेल तर तोही बदला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तेवढ्या पैशात सरळ एक पायरी वरचा प्रोसेसर येतो की ओ, आणि तो काही न करता पळतो.

३५ हजाराशी बरोबरी हे तर सोडूनच द्या. आय३ १२१००एफ मधी ४ कोअर, म्हणजे एकाच वेळी राबणारे चार गडी, आणि वरच्या आय७ १२७०० मधी १२ कोअर. ऊस तोडायला चार माणसांची टोळी घेऊन गेलात आणि त्यांना कितीही पळवलं तरी बारा जणांच्या टोळीएवढा फड संध्याकाळपर्यंत मोकळा होत नाही. मी २०१४ मधी पेंटियम जी३२५८ घेतला होता, पेंटियमला वीस वर्षं झाली म्हणून इंटेलनं मुद्दाम मोकळा सोडलेला, ३.२ चा मी ४.२ केला आणि गल्लीभर मिरवलो. त्याच वर्षाच्या शेवटी काही मोठे गेम आले ते दोन कोअरवर सुरूच होईनात! स्क्रीन काळी. एक गिगाहर्ट्झ वाढवून मी काळी स्क्रीन बघत बसलो होतो.

कूलरचं. हे जरा नीट वाचा. चिपची पॉवर क्लॉकच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा रायझन ५ ३६०० आहे, सगळे कोअर मिळून स्टॉकला, म्हणजे काही न बदलता, साधारण ४.० वर चाललेत, तुम्ही ४.२ केलं, आणि ते टिकावं म्हणून व्होल्टेज १.२० चं १.३५ केलं. क्लॉक वाढला ५ टक्के. व्होल्टेज साडेबारा टक्के, त्याचा वर्ग केला की साधारण साडेसव्वीस टक्के, दोन्ही मिळून पॉवर जवळपास ३३ टक्के जास्त. पाच टक्के कामासाठी तेहेतीस टक्के उष्णता! आणि ती काढणार कोण, तर डब्यातला तो रेथ स्टेल्थ, चपटा बिचारा, स्टॉकलाच दमतो. उद्यमबागेतल्या मित्राला मी एवढंच म्हटलं, तू स्पिंडलचा आरपीएम वाढवताना कूलंट बघतोस का नाही? तो म्हटला, "बघतोय की, न्हाईतर टूल जळतंय." मग.

अजून एक, हातानं मल्टिप्लायर फिक्स केला की रायझनचा स्वतःचा बूस्ट बंद पडतो. रायझन ५ ५६०० स्टॉकला एका कोअरवर ४.४ ला जातो, तुम्ही सगळ्या कोअरला ४.२ लावून ठेवलं तर एका कोअरच्या कामात तो उलट हळू झाला. आणि पोरं गेमसाठी नेमकं हेच करालेत.

"अर्धा तास गेम चालला म्हणजे पास" ह्याच्यावर मला खरा राग आहे, कारण ह्यापायी आमच्या फोटोवाल्या दोस्ताचा सीझन जायची पाळी आली होती. त्यानं जानेवारीत कुणाचंतरी ऐकून त्याचा ३६०० ओव्हरक्लॉक केला, वरच्याच आकड्यांवर. रात्री दोन तास गेम खेळला, काही नाही, खूष. मेमधी लग्नाची कामं अंगावर, चारशे फोटो एक्सपोर्टला लावून जेवायला गेला, येऊन बघतो तर तीन फोटोंचा खालचा अर्धा भाग करडा. नवरीचं तोंड बरोबर आणि पदरापासून खाली सिमेंट. त्यानं आधी मेमरी कार्डाला शिव्या घातल्या, नवीन कार्ड आणलं. मग कार्ड रीडर बदलला. मग हार्डडिस्कवर संशय. ओव्हरक्लॉक केलेलं तो विसरूनच गेला होता, कारण ते "पास" झालं होतं ना!

मी गेलो, प्राइम९५ लावलं (प्रोसेसरकडनं जड गणितं करून घेऊन चूक पकडणारं सॉफ्टवेअर), त्यातली स्मॉल एफएफटी नावाची टेस्ट. सातव्या मिनिटाला एक वर्कर, म्हणजे गणित करणारा एक भाग, थांबला, लाल अक्षरात नव्हे, साध्या एका ओळीत: राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी पायजे होतं. म्हणजे गणित चुकलं. बाकीचे वर्कर चालूच, विंडोज चालूच, माउस हलतोय, गाणं पण वाजतंय. हेच लोकांच्या लक्षात येत नाही. कच्चा ओव्हरक्लॉक म्हणजे दरवेळी निळी स्क्रीन असं नसतं, तो गुपचूप चुकीचं उत्तर पण देतो. गेममधी एखाद्या पिक्सेलचा रंग चुकला तर कोण बघतंय, फोटोच्या फाइलमधी एक बिट चुकला की पुढचं सगळं करडं. प्राइम९५ मूळचं मर्सेन नावाच्या मूळ संख्या शोधायचं सॉफ्टवेअर, १९९६ पासून चाललंय, त्याला बरोबर उत्तर आधीच माहीत असतं म्हणून चूक लगेच सापडते. क्लॉक आणि व्होल्टेज स्टॉकला आणून परत तीच टेस्ट रात्रभर लावली, एक चूक नाही.

आणि जानेवारीत चाललं ते मेमधी का पडलं? बेळगावात थंडीच्या रात्री खोली १८ डिग्री, मेच्या दुपारी तीच पत्र्याखालची खोली ३३. खोली १५ डिग्री तापली की चिप पण तेवढाच वर जातो. वर त्याचा कूलर उघडला तर पात्यांच्या मधी तांबड्या मातीचा जाड थर, ब्रशनं निघेना, लाकडी काडीनं उचलून काढला, शाळेत डस्टरचा असायचा तसा तुकडाच हातात आला. टेस्ट करायची तर आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी करा, कॅबिनेटचं दार लावून, खोलीतला पंखा बंद करून.

ज्यांना करायचंच आहे (माझ्यासारखे असतात, नाही म्हणत नाही) त्यांनी आधी स्टॉकवरचे आकडे लिहून ठेवा, एचडब्ल्यूइन्फो ह्या सॉफ्टवेअरमधी तापमान, सिनेबेंच ह्या स्पीडच्या टेस्टचा स्कोअर, आणि तुमच्या रोजच्या खऱ्या कामाला लागणारा वेळ. एका वेळी एकच गोष्ट बदला. सिनेबेंच दहा मिनिटं चाललं ही फक्त सुरुवात, मग प्राइम९५ किंवा ओसीसीटी निदान काही तास, रॅमला हात लावला असेल तर मेमटेस्ट८६ रात्रभर, आणि शेवटी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधी जाऊन व्हीया (WHEA, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) नावाच्या एरर आल्यात का बघा. मशीन पडलं नाही तरी तिथं नोंद सापडते बऱ्याचदा. दोस्ताच्या मशीनमधी एकोणीस होत्या.

"प्रोसेसरला काही होत नाही." मापात व्होल्टेज ठेवलं तर बरीच वर्षं काही होत नाही, हे खरं. पण इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचं काय झालं ते आठवा, तिथं तर लोकांनी काही केलं पण नव्हतं, चिपला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं आणि वरचे वरचे प्रोसेसर हळूहळू खराब व्हायला लागले. ऑगस्ट २०२४ मधी ०एक्स१२९ मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षं वाढवावी लागली. आणि जे आधीच खराब झाले होते ते अपडेटनं बरे झाले नाहीत. वॉरंटीचं म्हणाल तर ओव्हरक्लॉकिंगनं झालेलं नुकसान इंटेल पण धरत नाही, एएमडी पण नाही. इंटेल पूर्वी त्याच्यासाठी वेगळे पैसे घेऊन एक प्लॅन द्यायची, तोही २०२१ मधी बंद केला.

दुकानदारांच्या कटाबद्दल काय बोलणार. झेड सिरीजचा बोर्ड, मोठा कूलर, महागडा एसएमपीएस विकायला मिळाला तर कुठल्या दुकानदाराला नको होईल?

आणि भाच्या, तुझ्यासाठी. तुझ्या आत्ताच्या ५६००जी मशीनचा फोटो पाठवलास त्यात मला रॅमची एकच काडी दिसतेय, ८ जीबी, आणि टास्क मॅनेजरमधी स्पीड २४००. काडीवर ३२०० छापलंय. ग्राफिक्स कार्ड नाही म्हणजे गेम त्या रॅमवरच चाललाय तुझा. तसलीच दुसरी काडी घे, बोर्डाच्या पुस्तकात दाखवलेल्या दोन स्लॉटमधी लाव, बायोसमधी एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील स्पीडला चालवायची सेटिंग, चालू कर (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात), आणि मेमटेस्ट रात्रभर लाव. नवीन आय३ घ्यायची गरज नाही. रविवारी ये, खडे बाजारातनं काडी घेऊनच ये, आणि तुझ्या आईला सांग कुंदा पाठवू नको म्हणून, गेल्या वेळचाच अजून फ्रिजमधी आहे.