अनाथांचा समाचार म्हणजे दहा दिवसांची सहल नव्हे

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर माझ्या भाचीनं मला पायरीवरच गाठलं. म्हणाली, "मावशी, मी नेपाळला जातेय. अनाथाश्रमात सेवेला, दहा दिवस." नर्सिंग होऊन तिला दोन वर्षं झाली. पगारातून चाळीस हजार साठवलेत, ते सगळे यात घालणार होती. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर तिनं मोबाइल पुढे केला. तोच मेसेज होता. महिनाभरात तो मला महिला मंडळाच्या ग्रुपवर आला, तरुण संघाच्या ग्रुपवर आला, पुण्याच्या एका नातेवाइकांकडूनही आला. तिन्ही वेळा मी गप्प राहिले. ती माझी चूक झाली, म्हणून आता लिहिते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. याकोबाच्या पत्रात (१:२७) अनाथांना भेट देण्याची आज्ञा आहे, म्हणून प्रत्येक ख्रिस्ती माणसानं एकदा तरी परदेशातल्या अनाथाश्रमाला भेट द्यावी. तिथल्या मुलांना या जगात कोणीच नाही. दहा दिवसांचं प्रेमही त्यांना जन्मभर पुरतं. पैसे थेट आश्रमचालकाच्या हातात द्यावेत. मुलांसोबत फोटो काढून ते साक्ष म्हणून पाठवावेत. आणि देवानं मनात घातलं तर एखादं मूल घरी आणावं, कागदपत्रं मागाहून होतात.

आधी वचन. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तिथं 'भेट देणे' असं नाहीच. "अनाथांचा व विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे" असं आहे. हल्ली कुणाला झापलं की 'समाचार घेतला' म्हणतात, पण माझ्या आईच्या तोंडी या शब्दाचा अर्थ जुनाच होता: चुलीवर काय आहे ते बघणं, औषध आणलं का विचारणं, आणि नसेल तर आणून देणं. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही जाऊन पाहून येण्यापुरता नाही. लक्ष ठेवणं, जबाबदारी घेणं हा त्याचा गाभा आहे. 'बिशप' या शब्दाचं मूळही त्याच धातूत आहे.

हेच क्रियापद लूकच्या सातव्या अध्यायात येतं. नाईन गावची विधवा, तिचा एकुलता एक मुलगा मेलेला, तिरडी वेशीबाहेर निघालेली. येशू त्याला उठवतो. पुढचं वाक्य आपण घाईत वाचून टाकतो: "मग त्याने त्याला त्याच्या आईजवळ दिले." आणि लगेच सोळाव्या वचनात लोक म्हणतात, देवानं आपल्या लोकांची भेट घेतली आहे. हीच ती भेट. तिच्या शेवटी मूल आईच्या हातात आहे. ज्यांना याकोब १:२७ पाठ आहे, त्यांनी लूक ७:१५ही पाठ करावं.

आता ज्या वाक्यानं माझं डोकं फिरलं ते. 'त्यांना या जगात कोणीच नाही.'

युनिसेफच्या व्याख्येप्रमाणे आई किंवा वडील, दोघांपैकी एक जरी गेलं तरी मूल अनाथ धरलं जातं. त्या हिशेबानं २०१५ साली जगात सुमारे १४ कोटी अनाथ होते. त्यांपैकी आई आणि वडील दोन्ही गेलेली मुलं सुमारे १ कोटी ५१ लाख. म्हणजे नवातल्या आठ 'अनाथ' मुलांना आई तरी आहे किंवा बाप तरी. उरलेल्यांतही बहुतेकांना आजी आहे, काका आहे, मोठी बहीण आहे. ही मुलं घरात राहतात. फक्त घरात पैसा नसतो.

या व्याख्येनं मीही अनाथच. वडील गिरणीत होते. तापानं गेले तेव्हा मी सहा वर्षांची, भाऊ चार वर्षांचा, आणि ही भाची जिची मुलगी ती धाकटी आईच्या कडेवर. आई विड्या वळायची. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसायची. वडिलांना जाऊन वर्ष झालं नसेल, एक ओळखीचे गृहस्थ येऊन म्हणाले, "तिघांना परगावच्या बोर्डिंगात टाका बाई, खायला तरी मिळेल." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आई त्या रात्री आम्हा तिघांना कवटाळून बसली होती, ते मला आजही आठवतं. दुसऱ्या दिवशी ती आमच्या चर्चच्या पाळकीणबाईंकडे गेली. त्यांनी एवढंच विचारलं, "महिन्याला कमी किती पडतात?" पुढची सहा वर्षं मंडळीतल्या बायका दर शनिवारी आमच्याकडे येत होत्या. कधी पायलीभर ज्वारी, कधी वह्या, कधी नुसत्याच येऊन आईबरोबर पानं कापत बसायच्या. आमच्यासोबत एकीनंही कधी फोटो काढला नाही. आम्ही तिघं एकाच छपराखाली वाढलो. उद्या कुणी मोबाइलवर लिहिलं असतं की 'सोलापूरच्या या मुलांना जगात कोणीच नाही', तर माझ्या आईचं काय झालं असतं, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्यानं करावा.

कंबोडियात नेमकं हेच झालं. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या अनाथाश्रमांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. तेव्हा तिथं युद्ध नव्हतं, दुष्काळही नव्हता. वाढले होते ते पर्यटक, आणि मुलांना 'भेट' द्यायला येणारे कनवाळू लोक. त्या आश्रमांतल्या दर चार मुलांपैकी तिघांना आई किंवा वडील जिवंत होते. २०११ साली तिथं 'मुलं ही पर्यटनस्थळं नाहीत' अशी मोहीम चालवावी लागली.

भाची निघाली होती त्या नेपाळचीही तीच कथा आहे. बाल तस्करीविरुद्ध तिथं काम करणाऱ्यांनी दाखवून दिलंय की नोंदणीकृत बालगृहांपैकी जवळपास नव्वद टक्के फक्त पाच जिल्ह्यांत आहेत: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा जिथं आहे तो कास्की, आणि अभयारण्याचा चितवन. मुलं मात्र येतात हुमलासारख्या डोंगरी, गरीब भागातून. दलाल गावात जातो, शहरात शाळेत घालतो म्हणतो, आईबापांकडूनच पैसे घेतो, आणि मूल काठमांडूत पोचेपर्यंत कागदावर त्याचे आईबाप मेलेले असतात. काही ठिकाणी मुलांना मुद्दाम फाटक्या कपड्यांत, अर्धपोटी ठेवतात, कारण मूल जितकं केविलवाणं दिसेल तितका पाहुण्याचा हात सैल सुटतो. ऑस्ट्रेलियात २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला, तेव्हा अनाथाश्रमांसाठी होणारी ही तस्करी गुलामगिरीचाच प्रकार मानली गेली. २०१९च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही तिचा उल्लेख आला.

मेसेजात विधवा कुठं आहेत? वचनात अनाथ आणि विधवा एका श्वासात आहेत. विलापगीत ५:३ वाचा: आम्ही पोरके झालो, आमच्या आया विधवांसारख्या झाल्या. शास्त्रातला अनाथ म्हणजे बहुतेक वेळा बाप गेलेलं मूल, आणि त्याच घरात बसलेली त्याची आई म्हणजे विधवा. एकाच घराची ही दोन माणसं. जुन्या करारातलं 'दुसरे राजे' हे पुस्तक, चौथा अध्याय: विधवेचे दोन मुलगे सावकार गुलाम म्हणून न्यायला निघालाय. संदेष्टा अलीशा तिला म्हणत नाही की मुलं माझ्याकडे आणून सोड. तो विचारतो, तुझ्या घरात काय आहे? एक तेलाची बुधली निघते. तेल वाढतं, ती ते विकते, कर्ज फेडते आणि उरलेल्यावर मुलांसह जगते. पाळकीणबाईंचा प्रश्न आणि अलीशाचा प्रश्न सारखाच होता, हे मला संडे स्कूलमध्ये हा धडा शिकवायला लागल्यावर उमगलं.

'दहा दिवसांचं प्रेम जन्मभर पुरतं.' हे वाक्य नर्सनं तरी मान्य करू नये, असं मी भाचीला सांगितलं. रोमेनियात बुखारेस्टला २००० सालाच्या सुमारास संस्थांमधल्या १३६ बालकांवर अभ्यास सुरू झाला. निम्मी कुटुंबात ठेवली, निम्मी संस्थेतल्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसांशी जुळणारं नातं, सगळंच सावरत गेलं. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचं तर अधिकच. बाळाला लागतं ते रोज तेच माणूस. दर पंधरवड्याला नवी ताई येणार, कडेवर घेणार, रडत निरोप घेणार, मग दुसरी येणार. अशी मुलं ओळखदेख नसलेल्या माणसालाही धावत येऊन बिलगतात, आणि पाहुण्यांना वाटतं किती प्रेमळ आहेत! ती जखमेची खूण असते.

'मूल घरी आणा, कागदपत्रं मागाहून होतात.' हे लिहिणाऱ्याला याचा अर्थ ठाऊक आहे का? २०१०च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला. महिनाअखेरीस अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांचे दहा जण ३३ मुलांना बसमध्ये घालून शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये न्यायला निघाले आणि सीमेवर पकडले गेले. अनाथांना वाचवतोय, असं म्हणत होते. चौकशीत निघालं की मुलांचे आईवडील जिवंत आहेत. शिक्षणाच्या, चांगल्या आयुष्याच्या आशेनं त्यांनी मुलं हवाली केली होती. प्रार्थना करून निघालेले लोक होते ते, आपल्यासारखेच. म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते. आपल्याकडे ख्रिस्ती जोडप्याला दत्तक घ्यायचं तर बाल न्याय कायदा, २०१५ आणि 'कारा'ची, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाची, नोंदणी हाच रस्ता आहे. मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. मागाहून होणारी कागदपत्रं म्हणजे खोटी कागदपत्रं.

फोटोंबद्दल जास्त लिहीत नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं आपल्याकडे गुन्हा आहे. काठमांडूचं मूल आपलं नाही म्हणून त्याची लाज कमी होत नाही.

पैशांच्या मुद्द्यात थोडं खरं आहे, ते मान्य करते. परदेशातून आलेला पैसा वाईटच असतो असं नाही. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशननं आधार दिला म्हणून पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ साली उभं राहिलं. पुण्याला जाताना गाडी केडगावला थांबते तिथंच त्यांचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळात रस्त्यावर आलेल्यांना तेव्हा संस्थेशिवाय आसरा नव्हता, आजही काही मुलांना नसतो. पण रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळात गेले होते, त्यांना लोकांची भाषा येत होती, आणि त्यांच्या छपराखाली विधवाही होत्या. आणि त्या १९२२ साली वारल्या त्या तिथंच.

परदेशी जाऊच नये, असंही मी म्हणत नाही. सोलापूरच्या माणसाला ते कसं म्हणता येईल? भैया चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आपण सगळ्यांनी पाहिलंय. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, तिथंच संसार केला, १९४२ साली तिथंच गेले. ते ख्रिस्ती नव्हते, पण समाचार घेणं काय असतं ते त्यांच्याकडून शिकावं. भाचीला मी म्हटलं, जायचंच असेल तर जा, नेपाळी शीक, मुलांना परत घरी पोचवणाऱ्या लोकांबरोबर नर्स म्हणून दोन वर्षं काम कर. मी स्वतः तुला स्टेशनवर सोडायला येईन.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजीला बोर्डिंगचं विचारलं होतं, हे आईनं मला कधी सांगितलंच नाही." त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी तिच्याच गल्लीतल्या एका घरी गेलो. आई गेलेली, बाप निघून गेलेला, दोन नातवंडं आजीपाशी. आजीला सरकारच्या बालसंगोपन योजनेचं नावही माहीत नव्हतं. दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, मूल घरातच राहतं. भाचीनं यादी करून दिली: आधार, रेशन कार्ड, आईच्या मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक. मृत्यूचा दाखला काढलेलाच नाही. त्यासाठी ती बुधवारी रजा टाकून आजींना घेऊन महापालिकेत जाणार आहे. नेपाळचं बुकिंग तिनं अजून रद्द केलेलं नाही, पण पैसेही भरलेले नाहीत.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी ज्या ज्या ग्रुपवर पाठवला तिथून तो काढावा. आणि महिला मंडळातल्या भगिनींनो, शनिवारी पाच वाजता आपण त्या आजींकडे जातोय. येताना ज्वारी आणा.